साफ केलेल्या क्लिपमधून अक्षरच गायब होतंय? भाषा शिकवणाऱ्यांसाठी ऑडिओ एडिटिंगची तपासणी

आधी लक्षणं सांगते, यातलं एकही तुमच्याकडे होत नसेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

तुम्ही ‘घाव’ म्हणलेलं असतं आणि विद्यार्थी ‘गाव’ लिहितो. कढीची कडी होते, धारेचं दार होतं. ‘पक्का’ वाजवलं की ‘पका’ ऐकू येतं. ‘वेळ’ आणि ‘वेल’ अशा दोन वेगळ्या क्लिपा केल्यात पण वर्गात दोन्ही सारख्याच वाजतात. शब्दाचं पहिलं अक्षर खाल्लेलं, म्हणजे ‘भाकरी’ सुरू होते ती ‘आकरी’पासून. स आणि श एकमेकात मिसळलेत. आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येतोय, नाहीतर मागे बारीक घुंगरं किणकिणल्यासारखं काहीतरी वाजतंय. दोन शब्दांच्या मधे एकदम ठार शांतता आणि मग शब्द अंगावर आल्यासारखा. क्लिपच्या सुरुवातीला किंवा शेवटी ‘टक्’.

आणि शेवटचं लक्षण, जे सगळ्यात जास्त फसवतं: तुम्ही स्वतः ऐकलं तर तुम्हाला काहीही चुकलेलं वाटत नाही.

मी पुण्यात अमराठी लोकांना मराठी शिकवते, शनिवार-रविवारचा वर्ग, बहुतेक आयटीतली आणि बँकेतली मंडळी, आणि ऐकण्याच्या सरावाच्या क्लिपा मी स्वतःच रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे कापते. गेल्या काही वर्षांत इतर शिकवणारे लोक पण त्यांच्या बिघडलेल्या फाइली माझ्याकडे पाठवायला लागले आणि दहातल्या आठ-नऊ वेळा दुखणं हेच असतं. रेकॉर्डिंग बरं होतं, एडिटिंग नवीन शिकलं, उत्साहाने फाइल अगदी चकाचक साफ केली आणि त्या साफसफाईत नेमकी तीच गोष्ट पुसली गेली जी शिकवायची होती. खाली जी क्रमवारी दिलीय ती फुकट आणि एका मिनिटाच्या तपासणीपासून वेळखाऊ आणि खर्चिक तपासणीपर्यंत आहे, कृपा करून याच क्रमाने जा, कारण मी बघितलंय की लोक पहिल्या झटक्यात महागडा माइक घेतात आणि बिघाड निघतो ब्लूटूथ स्पीकरमधे.

सगळ्यात आधी: फाइल चुकतेय का कान?

याला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात. तोच शब्द विद्यार्थ्यासमोर बसून तोंडाने म्हणा, तोंडापुढे वही धरा म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि त्याला लिहायला सांगा. तोंडी बरोबर लिहिलं आणि क्लिपवर चुकलं तर फाइलीत किंवा ती वाजवण्यात गडबड आहे. दोन्हीकडे चुकलं तर एडिटिंगला हात लावू नका, तो कानाच्या सरावाचा प्रश्न आहे.

यात विद्यार्थ्याची मातृभाषा बघायची, त्यावरून फार पटकन कळतं. हिंदीवाल्याला ख, घ, ध, भ आपल्यासारखेच ऐकू येतात, त्याच्या भाषेत ते आहेतच, त्यामुळे हिंदी बोलणारा माणूस जर ‘घाव’चा ‘गाव’ लिहीत असेल तर डोळे मिटून समजा की क्लिप बिघडलीय. पण तोच माणूस ‘वेळ’ला ‘वेल’ म्हणाला तर लगेच क्लिपला दोष देऊ नका, प्रमाण हिंदीत ळ नाही, त्याचा कान अजून तयार व्हायचाय. तमिळवाल्याचं बरोबर उलटं, ळ आणि ण त्याच्या ओळखीचे, पण क-ख, ग-घ हा फरक त्याची भाषा करत नाही. बंगाली माणसाला न आणि ण वेगळे ऐकू यायला वेळ लागतो, ‘मन’ आणि ‘मण’ त्याला सुरुवातीला एकच. अमेरिकेतल्या एका मराठी शाळेत रविवारी शिकवणारी एक ताई मला म्हणाली की माझ्या सगळ्या क्लिपा बिघडल्या, मुलं ‘काय’ ऐकून ‘गाय’ लिहितात. क्लिपा मी ऐकल्या, उत्तम होत्या. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा क थोडा ख सारखा, हवा सोडत म्हणतात, त्यामुळे इंग्रजीत वाढलेल्या मुलांना आपला हवा नसलेला क हा ग वाटतो. तिने तीन दिवस बसून त्या फाइलींवर बारा प्रकारचे इफेक्ट मारले होते आणि त्यात चांगल्या फाइली खराब झाल्या, याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसरी पाच मिनिटं स्वतःच्या कानासाठी. घरातल्या कुणाला तरी, ज्याला मराठी नीट येतं पण तुम्ही काय रेकॉर्ड केलंय ते माहीत नाही, अशा माणसाला दहा सुटे शब्द उलटसुलट क्रमाने ऐकवा आणि लिहून घ्या. वाक्य नको, सुटे शब्दच, कारण वाक्यात संदर्भाने माणूस अंदाज करतो. तुम्ही स्वतः ही परीक्षा देऊ शकत नाही, तुम्हाला शब्द आधीच माहीत असतो म्हणून मेंदू गाळलेली जागा भरून टाकतो आणि जे फाइलीत नाहीच ते पण तुम्हाला ऐकू येतं. माझ्या सासूबाईंनी एकदा माझ्या दहातल्या चार क्लिपा चुकीच्या लिहिल्या तेव्हा मला हे पहिल्यांदा कळलं, तोवर मी सहा महिने तेच वर्गात वाजवत होते.

वाजवताना काय होतंय

फाइल उघडण्याआधी ती वायरवाल्या साध्या इअरफोनवर ऐका. पहिलं अक्षर इअरफोनवर नीट येत असेल आणि ब्लूटूथ स्पीकरवर खाल्लं जात असेल तर फाइल ठीक आहे. बरेच ब्लूटूथ स्पीकर आवाज बंद असला की झोपतात आणि आवाज आला की जागे व्हायला त्यांना क्षणभर लागतो, त्या क्षणात तुमचं ‘भा’ निघून जातं. प्रोजेक्टर किंवा टीव्हीला एचडीएमआयने जोडलं तरी कधीकधी हेच होतं. उपाय म्हणजे वायर वापरा, आणि ते शक्य नसेल तर क्लिपच्या आधी एक-दीड सेकंद खोलीचा साधा शांत आवाज ठेवा. सॉफ्टवेअरने बनवलेली शून्य शांतता ठेवू नका, काही स्पीकर ती आवाज म्हणून धरतच नाहीत आणि झोपलेलेच राहतात. किंवा प्रत्येक क्लिपच्या आधी ‘ऐका’ असं म्हणा, जायचं तर ते जाईल.

ऑनलाइन वर्ग असेल तर लॅपटॉपच्या स्पीकरवर फाइल वाजवून ती माइकमधून पोचेल असं धरू नका. व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपचं कामच असतं की स्पीकरमधून आलेला आवाज माइकमधे परत शिरू नये, त्यामुळे ते तुमची क्लिप नको असलेला आवाज समजून दाबतं. स्क्रीन शेअर करताना कॉम्प्युटरचा आवाज शेअर करायचा जो पर्याय असतो त्यावर टिक करा. एवढ्यावर निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच संपतो.

एकाच कानात आवाज येतोय अशी तक्रार असेल तर ट्रॅक मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज, असा करून टाका. एका माणसाच्या बोलण्याला स्टिरिओची काही गरज नसते, फाइल पण निम्मी होते.

पाठवताना काय होतंय

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता का? मग डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉइस नोट ही बोलणं झटपट आणि कमी डेटात पोचावं यासाठी असते, त्यात आवाज दाबला जातो आणि रोजच्या गप्पांना तेवढं पुरतं, पण ‘चहा’मधला च आणि ‘चमचा’मधला च हा फरक शिकवायला ते पुरत नाही. चमच्यातल्या च मधे स सारखा एक बारीक सुस्कारा असतो, तो उंच पट्टीत असतो आणि दाबताना आधी तोच जातो. हाच फरक ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगणे यात आहे, लिहिताना अगदी सारखे, कानालाच काय तो फरक कळणार, आणि तिथे फाइलीने दगा दिला तर विद्यार्थ्याकडे दुसरा काही आधार नाही.

एमपी३ करताना बोलण्यासाठी मोनो ९६ केबीपीएस (सेकंदाला किती डेटा त्याचा आकडा) ठेवा, ३२ वर नेऊ नका. आणि एमपी३ उघडून, कापून, परत एमपी३ असं करत बसू नका, दर फेरीला थोडं थोडं झिजतं. काम नेहमी वेव्ह फाइलवर, म्हणजे आवाज न दाबणाऱ्या फाइलवर करायचं आणि एमपी३ सगळ्यात शेवटी एकदाच.

आता मूळ फाइल काढा

इथून पुढे एडिटिंग सुरू होतं. मूळ, हात न लावलेलं रेकॉर्डिंग आणि एडिट केलेली क्लिप, दोन्ही एकाखाली एक ट्रॅकवर ठेवा आणि आलटून पालटून ऐका. मूळमधे ‘घाव’ घावच येतोय आणि एडिटमधे गाव, तर खालचं सगळं तुमच्यासाठी आहे. मूळमधेच गाव येत असेल तर सरळ रेकॉर्डिंगच्या भागाकडे उडी मारा.

मूळ फाइलच उरली नसेल तर इथे थांबा. पुसलेलं अक्षर परत आणणारा इफेक्ट नाही, दोन मिनिटांची क्लिप परत रेकॉर्ड करायला दहा मिनिटं लागतात आणि बिघडलेली दुरुस्त करायला संध्याकाळ जाते. मी आता दर महिन्याचं एक फोल्डर करते, त्यात ‘मूळ’ नावाचं फोल्डर, त्यातल्या फाइली फक्त कॉपी करायच्या, उघडून सेव्ह कधीच करायचं नाही.

नॉइज रिडक्शन, म्हणजे मुख्य आरोपी

हे जरा सविस्तर सांगते कारण बहुतेक बिघाड इथेच होतो. ऑडॅसिटीत हे दोन पायऱ्यांत चालतं, आधी जिथे कुणी बोलत नाहीये असा एखादा सेकंद निवडून गेट नॉइज प्रोफाइल करायचं, मग पूर्ण ट्रॅक निवडून इफेक्ट लावायचा. सॉफ्टवेअर त्या सेकंदातला फॅनचा वगैरे आवाज ओळखीचा करून घेतं आणि मग तशासारखं जे जे सापडेल ते खाली दाबतं.

आता ख, घ, थ, ध, फ, भ म्हणताना तोंडासमोर हात धरून बघा, हवेचा झोत लागतो. शाळेत ज्याला महाप्राण शिकवलं तो हाच. आणि हा झोत म्हणजे आवाजाच्या दृष्टीने काय तर निव्वळ खरखर, थोडासा हळू, जवळजवळ फॅनसारखाच. सॉफ्टवेअरला मराठी येत नाही, त्याला तो फॅनच वाटतो, ते त्याला दाबतं, आणि घ मधली हवा गेली की खाली उरतो ग. ह चं, स-श चं पण तसंच. म्हणजे फाइल जितकी जास्त साफ तितकी महाप्राण अक्षरं जास्त जायबंदी, हे गणित एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

तपासायची पद्धत फार छान आहे आणि कुणी वापरत नाही. त्याच खिडकीत खाली रेसिड्यू असा पर्याय आहे, तो निवडून प्रिव्ह्यू दाबा. यात काय उरलं ते नाही तर काय काढून टाकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. तिथे फक्त फॅन आणि शू असा आवाज आला तर ठीक. तिथे तुमच्या बोलण्याचे तुकडे, श्वास, सुस्कारे ऐकू आले तर तुम्ही भाषा फेकून देताय. आकडे कमी करा. मी डेसिबलचा आकडा ६ वर ठेवते, फारच गोंगाट असेल तर ९, त्याच्या वर शिकवण्याच्या क्लिपसाठी मी कधीच जात नाही. लोक २४ वर नेतात आणि मग ती घुंगरं किणकिणायला लागतात. मागे थोडा फॅन ऐकू आला तर कुणाचं काही अडत नाही, विद्यार्थ्याला बाहेर रिक्षात आणि भाजीवाल्यापाशी याहून जास्त गोंगाटात मराठी ऐकायचंय.

आणि मग परत पर्यायाचं बटण रिड्यूसवर आणायला विसरू नका, नाहीतर ओके दाबल्यावर ट्रॅकमधे फक्त कचराच उरतो. कंट्रोल झेडने परत येतं, घाबरू नका.

एक जास्तीची खबरदारी: फोनमधे, लॅपटॉपमधे, कॉलच्या अ‍ॅपमधे आवाज साफ करण्याची सोय आधीच चालू असते. म्हणजे तुम्ही साफ करायच्या आधीच एकदा साफ झालेलं असतं. विंडोजमधे माइकच्या सेटिंगमधे ऑडिओ एन्हान्समेंट बंद करून ठेवा आणि वर्गाचं रेकॉर्डिंग हे क्लिपांसाठी वापरू नका.

शांतता कापताना

ट्रंकेट सायलेन्स नावाचा इफेक्ट आहे, लांबलेल्या शांत जागा आपोआप छाटतो. भाषणासाठी, पॉडकास्टसाठी फार सोयीचा. भाषेच्या क्लिपला मी तो अजिबात लावत नाही. कारण ‘पक्का’ मधे जोडाक्षरात जीभ टाळ्याला चिकटून थांबते, तेवढा वेळ आवाज पूर्ण बंद असतो, आणि ती बंद जागा हेच तर द्वित्त आहे. ‘पत्ता’, ‘सत्ता’, ‘कच्चा’, सगळ्यांचं तसंच. त्या थांबण्यात आवाज नसतो म्हणून सॉफ्टवेअर त्याला रिकामी जागा समजून छाटतं. वापरायचाच असेल तर शांततेची मर्यादा अर्ध्या सेकंदापेक्षा कमी ठेवू नका, शब्दाच्या आतली थांबण्याची जागा त्याच्या निम्मी पण नसते, ती सुरक्षित राहील. नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट, त्याला पण हेच लागू, शब्दाच्या शेवटी हळू होत जाणारा ण किंवा ळ गेट बंद करून टाकतं.

उलट शिकवणाऱ्याने शांतता वाढवायला पाहिजे. वाक्यानंतर विद्यार्थ्याला म्हणून बघायला जागा लागते, मी वाक्याच्या दीडपट ठेवते, म्हणजे दोन सेकंदाच्या वाक्याला तीन सेकंद. पण तिथे सुद्धा खोलीतला शांत आवाज कॉपी करून चिकटवायचा, शून्य शांतता टाकली की कानाला खड्डा लागतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसायची सवय लावून घ्या, तोच तुकडा नॉइज प्रोफाइलला पण चालतो.

कट कुठे मारला

लाटांच्या चित्रात शब्द जिथे सुरू झाल्यासारखा दिसतो तिथे तो सुरू झालेला नसतो. भ, ग, द, ब अशा अक्षरांच्या आधी घशातला घुमार सुरू होतो तो चित्रात जवळजवळ सपाट दिसतो, आणि लोक बरोबर त्याच्यावर कात्री चालवतात. म्हणून शब्दाच्या आधी निदान २०० मिलिसेकंद सोडा, नंतर पण ३००. फेड इन (आवाज हळूहळू वर आणणं) द्यायचाच तर त्या सोडलेल्या जागेवर द्या, अक्षरावर नको. ‘टक्’ येत असेल तर कट मारायच्या आधी जागा निवडून झेड दाबा, निवड लाटेच्या शून्यावर सरकते आणि टक् जातो.

ळ आणि ण हे वेगळं प्रकरण आहे. हे दोन्ही मराठीत शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, नेहमी आधी एखादा स्वर असतो, आणि जीभ मागे वळायला त्या स्वरातच सुरुवात झालेली असते. म्हणजे ‘वेळ’ मधला ळ अर्धा ‘वे’ मधेच ऐकू येतो. काही शिक्षक ‘वे’ वेगळं आणि ‘ळ’ वेगळं कापून हळूहळू ऐकवतात, हेतू चांगला असतो पण त्यात ओळखायची खूणच कापली जाते आणि उरलेला ळ विद्यार्थ्याला ल किंवा ड वाटतो. मूळ-मूल, काळ-काल, पाळ-पाल अशा जोड्या पूर्ण शब्दच ठेवा. दुसरा शब्द पहिल्यानंतर लगेच, एका सेकंदाच्या आत ऐकवा, आणि दोन्ही एकाच बैठकीत एकाच सुरात म्हणलेले असू द्या. एक सकाळी आणि एक संध्याकाळी रेकॉर्ड केलेला असेल तर विद्यार्थी अक्षर सोडून आवाजातल्या फरकावरून ओळखायला लागतो आणि तुम्हाला वाटतं त्याला ळ यायला लागला.

बऱ्याच क्लिपा एकत्र कापायच्या असतील तर एकच लांब रेकॉर्डिंग करून, प्रत्येक शब्द निवडून कंट्रोल बी ने लेबल लावा, लेबलात शब्द देवनागरीत लिहिता येतो, आणि शेवटी लेबलांप्रमाणे वेगवेगळ्या फाइली एकदम एक्सपोर्ट होतात. पन्नास शब्दांचं काम अर्ध्या तासात होतं.

वेग कमी केलाय का?

चेंज स्पीड वापरला असेल तर आवाज पण जाड होतो, ते नको, चेंज टेम्पो वापरा. पण त्यात सुद्धा १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त हळू केलंत की क नंतरची बारीकशी फट ताणली जाऊन तो ख कडे सरकायला लागतो. हळू क्लिप पाहिजे तर हळू बोलून वेगळी रेकॉर्ड करा, माणूस हळू बोलताना स्वर लांबवतो आणि व्यंजनं फारशी ताणत नाही, सॉफ्टवेअर सगळंच सारखं ताणतं.

आवाजाची पातळी सगळ्या क्लिपांची सारखी हवी, त्यासाठी लाउडनेस नॉर्मलायझेशन शेवटी एकदा लावा, मी उणे १८ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) ठेवते. याने अक्षरं बिघडत नाहीत. कंप्रेसर, म्हणजे लहानमोठ्या आवाजातला फरक कमी करणारा इफेक्ट, लागतच नाही.

इथपर्यंत येऊनही प्रश्न सुटला नाही तर रेकॉर्डिंग

आता वेळ आणि थोडे पैसे लागतील. पहिला संशय ब्लूटूथ हेडसेटच्या माइकवर. गाणी ऐकताना तो छान वाजतो, पण माइक चालू झाला की बहुतेक हेडसेट फोनकॉलच्या पद्धतीवर जातात आणि आवाज सेकंदाला ८००० किंवा १६००० नमुन्यांवरच घेतला जातो. ८००० असेल तर ४००० हर्ट्झच्या वरचं काहीच फाइलीत येत नाही, आणि स चा बहुतेक जीव त्याच्याही वर असतो. ऑडॅसिटीत ट्रॅकचा मेनू उघडून स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या पट्टीत किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) निवडा, ४००० च्या वर सरळ रेष मारल्यासारखं सगळं रिकामं दिसलं तर कारण सापडलं. साधा फोन हातात धरून केलेलं रेकॉर्डिंग पण याहून बरं येतं.

मग खोली. फॅन बंद, फ्रिजपासून लांब, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा किंवा मागे गोधडी टांगा. भिंतीवरून परत येणारा आवाज हा नॉइज रिडक्शनने जात नाही, आणि तो पक्का मधली शांत जागा भरून टाकतो, म्हणून रिकाम्या हॉलमधे केलेल्या रेकॉर्डिंगमधे जोडाक्षरं कळत नाहीत. माइक तोंडापासून एक वीत, आणि समोर नको तर जरा बाजूला, म्हणजे फ-भ ची हवा त्याच्यावर आदळणार नाही. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहू दे. शो क्लिपिंग चालू करा, लाल रेघा दिसल्या तर आवाज फाटलाय, तो तुकडा परत बोला. हे सगळं करून मग माइक विकत घ्या, आणि पाचशे-सातशे रुपयांचा वायरवाला कॉलर माइक शब्दांच्या क्लिपांना पुष्कळ झाला.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

सलग गुंऽऽ असा आवाज येतोय आणि चार्जर काढला की जातो, लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात, तर हा ऑडिओचा प्रश्न नाही, बहुधा घरातल्या अर्थिंगचा आहे. ५० हर्ट्झचा फिल्टर लावून तो लपवत बसू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोवर बॅटरीवर रेकॉर्ड करा.

वायर हलवली की खरखर होते आणि दुसऱ्या वायरने जाते, वायर बदला. दुसऱ्या वायरने, दुसऱ्या लॅपटॉपवर पण तीच खरखर, तर दुरुस्तीच्या दुकानात द्या, स्वतः उघडू नका.

दुसऱ्या कुणाचा आवाज, जो आता परत मिळणार नाही, आणि तो फाटलेला किंवा घुमणारा आहे, तर स्वतः प्रयोग न करता मूळ फाइल तशीच साउंड इंजिनिअरकडे न्या. तुमच्या स्वतःच्या आवाजासाठी हा खर्च करू नका, परत बोला.

एखादं मूल तोंडी म्हणलेलं पण सतत चुकीचं ऐकतंय, आणि ते फक्त मराठीत नाही तर घरी त्याच्या रोजच्या भाषेत पण होतंय, तर पालकांना बाजूला घेऊन शांतपणे सांगा की कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्या. हे सांगायला आपण कचरतो, पण वर्गात रोज ऐकण्याचा सराव घेणाऱ्या माणसाच्या ते आधी लक्षात येऊ शकतं.

आणि जुन्या कॅसेटी. आमच्याकडे एका निवृत्त शिक्षिकेने बोलीभाषांच्या गप्पा भरलेल्या वीस-बावीस कॅसेटी आणून दिल्या, कोकणातल्या, वऱ्हाडातल्या बायकांचे आवाज, आणि माझा पहिला विचार होता की घरातल्या जुन्या टेपवर लावून लॅपटॉपला जोडू. खिडकीतून रिबिनीवर पांढरे ठिपके दिसले म्हणून थांबले. ती बुरशी असते, तशीच वाजवली तर टेपच्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला पसरते, आणि चिकटलेली रिबीन तुटते ती वेगळीच. पांढरे ठिपके दिसले तर एकदाही वाजवू नका, पुढेमागे फिरवू नका, चांगल्या दिसणाऱ्यांपासून वेगळ्या करा, कोरड्या डब्यात उभ्या ठेवा आणि टेप साफ करून डिजिटल करून देणाऱ्या जाणत्या माणसाकडे तशाच न्या. आणि त्याला आधीच सांगा की नॉइज काढू नका, जसं आहे तसं वेव्हमधे द्या.